मदत हवी आहे: एचआयव्हीची सेकंड लाइन, दोन वेळांऐवजी एकच गोळी होईल का?

गोदाकाठ:
मामा, वय ५४, सिन्नर एमआयडीसीत शिफ्टने कामाला. नाशिकच्या एआरटी सेंटरमधून (एचआयव्हीच्या औषधांचं केंद्र) सेकंड लाइन, म्हणजे पहिली औषधं निकामी ठरल्यावर देतात ती औषधं, चालू आहे. सकाळी टेनोफोव्हिर-लॅमिव्हुडिन, रात्री जेवणावर अटाझनाव्हिर-रिटोनाव्हिर ३००/१००. शेवटचे दोन्ही व्हायरल लोड (रक्तातलं व्हायरसचं प्रमाण) 'टार्गेट नॉट डिटेक्टेड', म्हणजे व्हायरस सापडला नाही; क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.०. शिवाय मेटफॉर्मिन दिवसाला २ ग्रॅम, अ‍ॅम्लोडिपिन ५, कॅल्शियम, आणि पित्तासाठी बाहेरच्या डॉक्टरांनी दिलेलं पॅन्टोप्राझोल. रात्रपाळीत जेवण पुढेमागे होतं आणि चारचौघांत गोळी काढणं त्यांना नको वाटतं, म्हणून रात्रीचाच डोस चुकतो. टीएलडी ही तीन औषधांची एकच गोळी त्यांना मिळू शकेल? बदलताना काय सांभाळायचं?

निफाडकर:
ताई, आधी पॅन्टोप्राझोलचं बघा, त्यात उशीर करून चालणार नाही. अटाझनाव्हिर अंगी लागायला पोटात आम्ल लागतं. पॅन्टोप्राझोल तेच कमी करतं, म्हणजे गोळी वेळेवर घेऊनही रक्तात औषध कमी पडू शकतं. आजवरचे रिपोर्ट चांगले आहेत, पण त्या भरवशावर राहू नका. उद्याच सेंटरला फोन करून सांगा. एआरटीची गोळी मात्र स्वतःहून बंद करायची नाही.

टीएलडी म्हणजे टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्राव्हिर ५०, दिवसातून एकदा, जेवणाची अट नाही. व्हायरस दबलेला असताना सेकंड लाइनवरून डोल्युटेग्राव्हिरवर आणता येतं का, हे केनियात तपासलं गेलं. जुन्या रेझिस्टन्सचा (व्हायरसवर औषध न चालण्याचा) रिपोर्ट हाताशी नसतानाही व्हायरस दबलेला राहिला. तेव्हा मागणी रास्त आहे. सेकंड लाइनचा निर्णय सेंटरचे डॉक्टर राज्याच्या तज्ज्ञ पॅनेलला विचारून घेतात, त्यामुळे थोडा वेळ धरून चला. हिरवं पुस्तक (सेंटरचं उपचाराच्या नोंदींचं पुस्तक), व्हायरल लोडचे रिपोर्ट आणि पहिली लाइन कधी, कशामुळे बदलली याची नोंद सोबत न्या. मधुमेहाच्या आणि बीपीच्या गोळ्यांच्या स्ट्रिपही न्या. नुसती नावं सांगून भागत नाही, कारण ग्लिमेपिराइड या साखरेच्या औषधाच्या जोडगोळीत मेटफॉर्मिन दडलेलं असतं.

औषधपेटी:
निफाडकरांशी सहमत. माझी भर औषधांच्या आपसातल्या भांडणांबद्दल.

डोल्युटेग्राव्हिरमुळे रक्तातलं मेटफॉर्मिन वाढतं. दिवसाची कमाल १ ग्रॅम धरतात, म्हणजे मामांचा डोस निम्मा होणार. मग साखर चढू नये म्हणून दुसरी गोळी लागेल का, हे मधुमेहाच्या डॉक्टरांशी टीएलडी सुरू होण्याआधीच ठरवा. रिटोनाव्हिर अ‍ॅम्लोडिपिनचं प्रमाण वाढवून ठेवतं. रिटोनाव्हिर बंद झालं की बीपी थोडं वर जाऊ शकतं, म्हणून पहिला महिना मोजत राहा.

कॅल्शियम किंवा लोह टीएलडीबरोबर घ्यायचं तर जेवणासोबतच. उपाशीपोटी घेणार असाल तर टीएलडी त्याच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. पित्ताच्या पातळ औषधाला, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमवाल्याला, ही जेवणाची सवलत नाही. तिथे अंतर ठेवायचंच. टीएलडीला पॅन्टोप्राझोल चालतं.

पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन ०.१-०.२ ने वाढलं तर घाबरू नका. डोल्युटेग्राव्हिर किडनीतून ते बाहेर पडायचा एक रस्ता अडवतं, किडनी बिघडवत नाही. वाढतच राहिलं तर मात्र टेनोफोव्हिरकडे संशयाने बघायला हवं.

गोदाकाठ:
धन्यवाद दोघांनाही. घरी जुन्या बाटल्या शिल्लक आहेत, त्यांचं काय करू? आणि एका खासगी डॉक्टरांनी डोल्युटेग्राव्हिर-लॅमिव्हुडिन ही दोनच औषधांची गोळी सुचवली आहे.

निफाडकर:
जुन्या बाटल्या सेंटरला परत द्या. गोंधळ इथेच होतो: टीएलडी चालू होते आणि सवयीने सकाळची जुनी गोळीही घेतली जाते, म्हणजे टेनोफोव्हिर दुप्पट. आज रात्री जुन्याचा शेवटचा डोस घेतला की उद्यापासून फक्त टीएलडी. मध्ये एकही दिवस रिकामा नको.

दोन औषधांची गोळी मामांसाठी नको. पहिली लाइन फेल झालेल्यांमध्ये लॅमिव्हुडिनला रेझिस्टन्स बऱ्याचदा असतो. मग सगळा भार एकट्या डोल्युटेग्राव्हिरवर येईल. हिपॅटायटिस बी असेल तर टेनोफोव्हिर काढल्यावर लिव्हरला सूज येऊ शकते, तेव्हा एचबीएसएजीचा (हिपॅटायटिस बीच्या तपासणीचा) रिपोर्ट बघून ठेवा.

औषधपेटी:
शिफ्टचं आता सोपं होईल. पाळी कुठलीही असो, घरी असण्याची एकच वेळ ठरवा, बाटली कंपनीत न्यायलाच नको. डोस राहिला तर आठवेल तेव्हा घ्या; पुढचा ४ तासांच्या आत असेल तर सोडा, दोन एकदम घेऊ नका. झोप उडाली तर सकाळी घ्या. पुढे कधी टीबीसाठी रिफाम्पिसिन किंवा फिटसाठी कार्बामाझेपिन कुणी लिहिलं तर त्याच दिवशी सेंटरला कळवा, तेव्हा डोल्युटेग्राव्हिर दिवसातून दोनदा लागतं. बदलानंतरचा व्हायरल लोड कधी करायचा, ती तारीख पहिल्याच भेटीत पुस्तकात लिहून घ्या.