दोघांत एक बशी : पुण्यातल्या दुपारच्या खाद्यफेरीचे अनुभव

पुण्यात मित्राला किंवा मैत्रिणीला सोबत घेऊन एखादी दुपार केवळ खाण्यासाठी राखून ठेवणारे आणि एकाच ठिकाणी पोटभर न जेवता चार-पाच उपाहारगृहांत थोडेथोडे चाखत हिंडणारे वाचक पुष्कळ आहेत. त्यांनी आपले अनुभव येथे सविस्तर लिहावेत, अशी विनंती आहे. कुठे काय चांगले मिळते याच्या याद्या सगळीकडे सापडतात. मला जाणून घ्यायचे आहे ते हे की, तुम्ही क्रम कसा ठरवलात, दोघांची मते कुठे जुळली व कुठे फाटली आणि सोबतच्या माणसामुळे ओळखीच्या पदार्थाबद्दल नवे काय उमगले. एकट्याने खाताना आपण आपली जुनीच आवड पुन्हा पक्की करतो. एका बशीत दोघांचे चमचे पडले की ती आवड शब्दांत मांडावी लागते, असे माझे मत आहे.

पुण्याची दुपार हा वेगळाच विषय आहे. पेठांतील दुकाने एक ते चार बंद ठेवण्याची रीत इतकी जुनी होती की, २०१७ मध्ये चितळे बंधूंनी दुपारी दुकान उघडे ठेवायचे ठरवले तेव्हा त्याची बातमी झाली. आजही काही जागा दुपारी विश्रांती घेतात आणि काही पदार्थ बाराच्या सुमारास संपतात, त्यामुळे वेळेचे गणित कसे बसवले तेही लिहावे. तक्रार असेल तर त्या ठिकाणाचे नाव घेऊ नये. एका दिवसाच्या अनुभवावरून कोणाच्या आयुष्यभराच्या व्यवसायाविषयी निवाडा देणे मला योग्य वाटत नाही. वेगवेगळ्या वाचकांकडून आलेले अनुभव पुढे त्यांच्याच शब्दांत दिले आहेत.

नाशिकच्या मैत्रिणीबरोबर मिसळ

माझी महाविद्यालयातली मैत्रीण नाशिकची आहे आणि पुण्याची मिसळ ही मिसळच नव्हे, असे ती ठामपणे म्हणत असे. तिच्याकडे मिसळीबरोबर पाव आणि भाजलेला पापड येतो, रस्सा वेगळ्या वाटीत येतो आणि मटकीची चव त्या रश्शाखाली दबत नाही. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा तिला फिरवून आणावे, असे मी ठरवले.

आम्ही साडेअकराला नारायण पेठेतल्या मुंजाबाच्या बोळात, बेडेकरांकडे पोहोचलो. बेडेकरांचे हे दुकान १९४८ पासूनचे आहे. तिथल्या मिसळीत पोहे असतात, बटाटा असतो, सोबत पावाऐवजी ब्रेडचे स्लाइस येतात आणि सँपलला, म्हणजे तिथल्या रश्शाला, तिखटाच्या आधी गोडसर चव लागते. मैत्रिणीने पहिल्या घासालाच कपाळाला आठ्या घातल्या. मग तिने पोहे आणि फरसाण वेगवेगळे चाखून पाहिले आणि हळूहळू म्हणाली की, हा नाश्त्याचा पदार्थ आहे, आमच्याकडची मिसळ हे जेवण आहे. हा फरक मी लहानपणापासून ती मिसळ खाऊनही कधी मांडू शकले नव्हते.

तिथून लक्ष्मी रस्त्याने चालत तुळशीबागेतल्या श्रीकृष्ण भुवनात गेलो. इथला रस्सा लाल तेलाचा तवंग मिरवत नाही. त्यात आले आणि हिरव्या मिरचीचा ठसका असतो आणि तो जिभेपेक्षा घशाला जास्त जाणवतो. तिला ही मिसळ सर्वांत आवडली, मला मात्र आजही बेडेकरांचीच आवडते, आणि त्यावर आमचे एकमत होणार नाही. शेवटी टिळक रस्त्यावरच्या रामनाथला गेलो, जिथे तर्री खरोखर झणझणीत असते. हा क्रम मी मुद्दाम असा ठेवला होता. रामनाथपासून सुरुवात केली असती तर पुढच्या दोन्ही ठिकाणी जिभेला काहीच कळले नसते. मिरचीतला तिखटपणा ज्या कॅप्सेसिनमुळे असतो ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून पाण्याचे पेले रिचवून उपयोग होत नाही. मध्ये ताक किंवा दही घेतले की जीभ पुन्हा ताळ्यावर येते. ज्यांना मिसळींची तुलना करायची आहे त्यांनी प्रत्येक ठिकाणी आधी नुसता रस्सा चमच्याने घ्यावा, मग उसळ आणि त्यानंतरच सगळे एकत्र करावे, असे मी आग्रहाने सांगेन. एकदा कालवले की ओल्या फरसाणाची चव बाकी सगळ्यावर चढते.

लष्करात, जुन्या वर्गमित्राबरोबर

मी शनिवार पेठेत वाढलो आणि माझा शाळेतला एक पारशी मित्र कॅम्पात. आमच्या घरी त्या भागाला लष्करच म्हणत. आम्ही दोघेही आता निवृत्त झालो आहोत. त्याने एका दुपारी मला त्याच्या बालपणीच्या वाटेने नेले, त्याविषयी लिहितो.

सुरुवात ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानी बेकरीपासून केली, कारण ती दुपारी एकला बंद होते आणि साडेतीनपर्यंत उघडत नाही. ही बेकरी १९५५ सालची. श्रुसबेरी बिस्किटांसाठी रांग असतेच, परंतु मित्राने मला मावा केक घ्यायला लावला आणि तो तिथेच, बेकरीबाहेरच्या सावलीत उभे राहून खायला लावला. मावा, वेलदोडा आणि लोणी यांचा ताजा वास घरी नेलेल्या खोक्यात निम्मा उरतो, असे त्याचे म्हणणे होते आणि ते मला पटले.

त्यानंतर महात्मा गांधी रस्त्यावर मार्झोरिनमध्ये एक सँडविच दोघांत घेतले. तिथून दस्तूर मेहेर रस्त्यावरच्या दोराबजींकडे गेलो. हे उपाहारगृह १८७८ पासून चालू आहे, म्हणजे लोकमान्यांनी ‘केसरी’ काढण्याच्या आधीपासून, हे मला त्या दिवशी प्रथमच लक्षात आले. आम्ही धानसाक मागवला. डाळी, भाज्या आणि मटण एकजीव होईपर्यंत शिजवलेले, सोबत साखर करपवून रंग दिलेला तपकिरी भात आणि कचुंबर. मी त्याला सहज म्हणालो की, तुझ्या मुलीच्या लग्नात हा पदार्थ कसा नव्हता? तेव्हा त्याने सांगितले की, पारशी घरात मृत्यूनंतर तीन दिवस मांसाहार करत नाहीत आणि चौथ्या दिवशी धानसाक करून तो नेम सोडतात. म्हणून रविवारी तो आवडीने खाल्ला तरी लग्नकार्यात किंवा सणाला तो रांधत नाहीत. एवढ्या वर्षांच्या मैत्रीत हा विषय कधी निघाला नव्हता. मग त्याने मला आमच्याकडच्या श्राद्धाच्या स्वयंपाकाविषयी विचारले, आमसुलाची चटणी आणि वडे यांविषयी मी सांगत राहिलो आणि बराच वेळ आम्ही तिथेच बसलो. त्या दिवशी आणखी एक-दोन ठिकाणी जायचे ठरले होते ते राहिले, याचे मला वाईट वाटले नाही.

थोड्या पैशांत, दोन प्रकारचा चहा

मी वसतिगृहात राहणारा विद्यार्थी आहे, त्यामुळे माझा अनुभव लहान आहे. मी आणि माझा खोलीतला मित्र यांनी फक्त चहाची दुपार केली. डेक्कनवरच्या कॅफे गुडलकमध्ये, जे १९३५ पासून आहे, बनमस्का आणि इराणी चहा घेतला. मग डेक्कन जिमखाना स्थानकावरून मेट्रोने रुबी हॉलला उतरलो (ऑगस्ट २०२३ पासून ही गाडी तिथपर्यंत जाते) आणि जहांगीर रुग्णालयाच्या परिसरातल्या वोहुमनमध्ये चीज ऑम्लेट दोघांत घेतले. परतल्यावर पेठेतल्या एका जुन्या अमृततुल्यात बसलो. इराणी चहात कोरा चहा वेगळा उकळत ठेवतात आणि आटवलेले दूध वरून घालतात, त्यामुळे प्रत्येक कपात चहाची कडवट बाजू स्वच्छ लागते. अमृततुल्यात दूध, पाणी, साखर, पावडर, आले आणि वेलदोडा सारे एकाच पितळी भांड्यात उकळते आणि फडक्यातून गाळले जाते. तिथे कशाचीच चव सुटी राहत नाही. बनमस्का बुडवायचा असेल तर इराणी चहाच हवा, कारण लोण्याला तो कडवटपणा लागतो, अशा निष्कर्षावर आम्ही दोघेही आलो.

थाळीविषयी एक वेगळे मत

वरील अनुभव आवडले, तरी चार-पाच ठिकाणे हा आकडा मला जास्त वाटतो. तिसऱ्या जागेनंतर भूक संपते आणि उरते ती केवळ नोंद. शिवाय दोघांत एक बशी ही पद्धत सगळीकडे चालत नाही. अमर्यादित थाळीच्या ठिकाणी एका थाळीत दोघांनी जेवणे उघडच गैर आहे आणि मालकाने त्याला हरकत घेतली तर ते रास्तच आहे. मात्र एका उपाहारगृहात आम्ही एक डोसा मागवून दोन बश्या मागितल्या, तेव्हा न सांगता बिलात जादा रक्कम लावली गेली. दर फलकावर लिहिला असता तर आम्ही तक्रार केली नसती. अशा फेरीला निघताना बसण्याआधीच विचारून घ्यावे.

थाळीसाठी वेगळी दुपार ठेवावी. टिळक रस्त्यावरच्या बादशाहीत, जी १९३२ पासून चालू आहे, नाव लिहून वाट पाहायची आणि मग गरम पोळी, भाजी, आमटी, भात या क्रमाने निवांत जेवायचे. मित्र सोबत हवाच, परंतु फिरणे नको.

दृष्टिहीन मैत्रिणीबरोबर

माझी मैत्रीण जन्मापासून दृष्टिहीन आहे आणि आम्ही दोघी एकाच कार्यालयात काम करतो. खाद्यफेरीची कल्पना तिचीच होती. आम्ही मुद्दाम तीन ते साडेपाचची वेळ निवडली, कारण तेव्हा जेवणाची गर्दी ओसरलेली असते, वाढणाऱ्यांना दोन वाक्ये बोलायला उसंत असते आणि टेबलांमधून चालताना धक्के लागत नाहीत.

फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशालीत आम्ही एसपीडीपी घेतली. शेव, बटाटा, दही आणि पुरी अशी ही पदार्थाची फोड मी तिला सांगू लागले तेव्हा तिने मला थांबवले आणि पुरी फुटल्याचा आवाज ऐकून सांगितले की, दही घालून फार वेळ झालेला नाही. दह्याखाली पुरी किती वेळ टिकते याचा अंदाज तिला कानाने येतो. त्यानंतर मी प्रत्येक चाटच्या बशीकडे कान देऊ लागले आहे. वाढणाऱ्या काकांनी बशी ठेवताना तिला “समोर बशी, उजव्या हाताला पाणी, ताई” असे आपणहून सांगितले, ही गोष्ट आम्हा दोघींनाही पदार्थाइतकीच लक्षात राहिली आहे.

पुढे सदाशिव पेठेत निंबाळकर तालमीजवळच्या सुजाता मस्तानीत गेलो. १९६७ पासूनचे हे दुकान. मस्तानी म्हणजे दाट दुधाचे पेय आणि वर आइस्क्रीमचा गोळा. ती कशी खावी यावर आमचा वाद झाला. मी गोळा आधी ढवळून टाकते. तिचे म्हणणे असे की, आधी चमच्याने गोळ्याचा थर काढून खावा, मग खालचे दूध प्यावे आणि गोळा अर्धा वितळला की तिसरी चव घ्यावी. ढवळल्याने या तीन चवींची एकच होते. तिच्या सांगण्याप्रमाणे खाल्ल्यावर आंब्याच्या मस्तानीतली दुधाची आणि फळाची गोडी वेगवेगळी कळली. अनेक वर्षे त्याच दुकानात जाऊनही मी ते कधी लक्ष देऊन चाखले नव्हते.

अशा सोबतीला नेणाऱ्यांसाठी काही गोष्टी सांगते. उंच ग्लास टेबलाच्या कडेपासून आत ठेवायला सांगावा, दरफलक वाचताना किमतींसह पूर्ण वाचावा, कारण किंमत पाहून निवड करण्याचा हक्क त्यांनाही आहे, आणि वाढणाऱ्याने “यांना काय हवे?” असे आपल्याला विचारले तर उत्तर आपण देऊ नये.

पिंपरीहून पुस्ती

सगळे अनुभव नदीच्या पुण्याकडच्याच बाजूचे आले आहेत, म्हणून थोडे लिहितो. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कुटुंबे पिंपरी कॅम्पात वसली आणि त्यांच्यासोबत दालपक्वान आले. मैद्याची कुरकुरीत तळलेली पुरी, त्यावर शिजवून अर्धवट मोडलेली हरभऱ्याची डाळ, वर कांदा आणि चिंचेची चटणी. हा मूळचा सकाळच्या न्याहारीचा पदार्थ असल्याने तिथे साडेअकराच्या आत पोहोचावे. माझा सिंधी सहकारी मला एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर नेतो आणि प्रत्येक ठिकाणी फक्त डाळ पाहतो. डाळीचा दाणा दिसला पाहिजे, पण बोटाने दाबताच मोडला पाहिजे, ही त्याच्या आजीची कसोटी. त्यानंतर एखाद्या खानावळीत सिंधी कढी आणि भात घ्यावा. ही कढी ताकाची नसते. बेसन तेलात भाजून, चिंचेच्या आंबटात गवार, भेंडी, बटाटा घालून ती करतात, त्यामुळे पुणेरी माणसाला पहिल्या घासाला ती आमटीसारखी वाटते. मिसळीच्या फेरीत वर लिहिलेला नियम इथेही पाळावा आणि आधी नुसती कढी चाखावी. पुण्याहून मेट्रोने पिंपरीपर्यंत सरळ येता येते. ज्यांना यायचे असेल त्यांनी रविवार टाळून शनिवारी यावे, बाजारात चालायला जागा मिळते.