बाबांचा रिपोर्ट : स्टेज ४, आयपीआय ३. नक्की काय समजायचं?

सायली_वाचते
नमस्कार. बाबा ६४ वर्षांचे. मानेतली गाठ काढून तपासली, तर ‘डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा’ (लिम्फ ग्रंथींचा कॅन्सर) निघाला. पेट-सीटीत मानेत आणि पोटात गाठी आहेत, प्लीहेत आहे, शिवाय मणक्यात आणि कमरेच्या हाडात चमक दिसते. रक्तातलं एलडीएच हे एन्झाइम ४१२ (लॅबची वरची मर्यादा २५०). डॉक्टर म्हणाले, “स्टेज ४, आयपीआय ३, पुढच्या आठवड्यात आर-चॉप सुरू करू.” (म्हणजे औषधांचा कोर्स, किमो.) बाहेर रांग होती, मला पुढे काही विचारायचं सुचलंच नाही. घरी काका बोलून गेले, ‘स्टेज ४ म्हणजे आता काय उरलं.’ बाबांनी ते ऐकलं. तेव्हापासून धड जेवत नाहीत.
चार आणि तीन यातला खरा आकडा कोणता? आणि वजन किती उतरलं हे तीनदा का विचारलं? (चार महिन्यांत ७८ वरून ६९ किलो.)

जुना_पेशंट
मला २७व्या वर्षी हॉजकिन (लिम्फोमाचाच दुसरा प्रकार) झाला होता, स्टेज ३बी. रात्री टीशर्ट पिळून काढावा इतका घाम यायचा. त्याला आता नऊ वर्षं झाली. बाबांचा प्रकार वेगळा आहे, माझ्यावरून अंदाज बांधू नका, पण काकांना एवढं नक्की सांगा. आमच्यात सात गोष्टींचा वेगळा स्कोअर असतो, त्यात नुसतं पुरुष असण्याचाही एक गुण लागतो! बोनमॅरोची (हाडातल्या मगजाची) सुईने तपासणी केली का? ती करावीच लागते.

स्लाइडवाली
मी पॅथॉलॉजिस्ट. बाबांच्या गाठीची स्लाइड माझ्यासारख्याच कुणीतरी पाहिली असणार. आमच्या रिपोर्टमध्ये स्टेज नसते. आम्ही आजाराचं नाव सांगतो, तो कुठे कुठे आहे हे स्कॅन सांगतो.

स्टेजची ही पद्धत १९७१ सालची, ॲन आर्बरची. २०१४ मध्ये लुगानोच्या नावाने तिची डागडुजी झाली. एकाच भागातल्या गाठी म्हणजे १. श्वासपटलाच्या (छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या) एकाच बाजूला दोन किंवा जास्त भाग म्हणजे २. वर-खाली दोन्हीकडे असेल तर ३. यकृत, बोनमॅरो, हाडं अशा ठिकाणी पसरला की ४. काकांच्या डोक्यात बहुतेक इतर कॅन्सरची स्टेज ४ आहे. लिम्फोसाइट (ज्या पांढऱ्या पेशीचा हा आजार) मुळातच अंगभर फिरणारी पेशी, तिचा आजार दूर सापडला याचा अर्थ तसाच होत नाही. या प्रकारात स्टेज ४ लाही उपचार बरं करण्याच्या हेतूनेच देतात.

आता तीन. आयपीआय हा जोखीम मोजायचा स्कोअर, १९९३ पासून वापरात आहे. पाच प्रश्न, प्रत्येकी एक गुण : वय साठच्या वर, एलडीएच वाढलेलं, स्टेज ३ किंवा ४, लिम्फ ग्रंथींच्या बाहेर एकाहून अधिक जागी आजार, आणि माणूस हिंडता-फिरता आहे की दिवसाचा बराच वेळ बिछान्यात. बाबांचे पहिले तीन गुण लागले. प्लीहा लिम्फच्याच घरातली, ती बाहेरची जागा धरत नाहीत. मग उरलं फक्त हाड, म्हणजे एकच जागा, गुण नाही. तीनवर थांबलेत म्हणजे बाबा बऱ्यापैकी हिंडत-फिरत असणार. बरोबर?

तीन म्हणजे मध्यमातली वरची जोखीम. गोड बोलणार नाही, हा सोपा गट नाही. पण नेटवर १९९३ चे आकडे वाचू नका, तेव्हा रिटुक्सिमॅब नव्हतं (आर-चॉपमधला ‘आर’). ते आल्यावर २००७ साली पुन्हा मोजणी झाली. त्यात ३ ते ५ गुणांच्या गटात चार वर्षांनी ५५ टक्के पेशंट हयात होते. त्यात पाच गुणांचेही आले, आणि बाबा तीनवर आहेत.

वजन : सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, ३८ च्या वर ताप राहिला, किंवा रात्री कपडे भिजतील असा घाम आला, तर त्याला ‘बी’ लक्षणं म्हणतात. बाबांचं साडेअकरा टक्के भरतं. लुगानोनंतर हे अक्षर फक्त हॉजकिनच्याच स्टेजपुढे लावतात, आणि आयपीआयमध्ये त्याला गुण नाही. तरी विचारतात, कारण आजार किती जोरात आहे ते कळतं.

@जुना_पेशंट, बोनमॅरोचं पूर्वी खरं होतं. पेटमध्ये हाडांत आजार स्पष्ट दिसला, तर या प्रकारात बहुधा सुई टोचायची गरज पडत नाही.

सायली_वाचते
हो, अंघोळ स्वतः करतात, पेपर आणायला खाली जातात. जिना चढताना तेवढं थांबतात. म्हणजे तीन गुणांपैकी एक तर नुसता वयाचा! हे बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, “चौसष्टला म्हातारा धरतात होय?” आणि अर्धी वाटी भात जास्त घेतला.
सोमवारी काय विचारू?

स्लाइडवाली
स्लाइडवर मिक (MYC) आणि बीसीएल-२ जनुकांची फिश तपासणी (जनुकांतले बदल शोधणारी) लावली का, ते विचारा. दोन्हीत बदल सापडला तर औषधांची योजना बदलू शकते आणि हे आयपीआयमध्ये दिसत नाही. हिपॅटायटिस बी तपासलं का आणि हृदयाचा इको झाला का, हेही. दोन्ही पहिल्या डोसच्या आधी हवं.

उपचारांच्या मधला पेट-सीटी कधी, तेही विचारून ठेवा. त्यावर किती चमक उरली ते सांगणारा, डोव्हिल नावाचा १ ते ५ चा आकडा येईल. तिथे पाच चांगला नसतो, एक चांगला. आधीच सांगून ठेवते, काका पुन्हा गोंधळ घालतील.