अनुभव: हरणाऱ्या संघापायी तुम्ही काय काय सोसलंत?

गॉसफर्डची_आई: काल गराज आवरताना लेकाची जुनी वही सापडली. पुढे गणितं, मागच्या पानावर पेन्सिलीनं आमच्या गॉसफर्डच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल संघाचा, सेंट्रल कोस्ट मरिनर्सचा, लीगमधल्या क्रमांकांचा हंगामवार हिशेब. २०१५-१६: १० वा. संघच १०! मग ८, १०, १०. २०१९-२० ला संघ ११ झाले, तर हे ११ वे. त्या आकड्यापाशी खोडरबर घासून कागद फाटलाय. आधी ९ लिहून बघितला असणार.

तेव्हा स्टेशनवरून चालत मैदानावर जायचो. एका टोकाला स्टँडच नाही, पामची झाडं आणि मागे खाडी. आमचे हे म्हणायचे, हरले तरी मालवणला जाऊन आल्यासारखं वाटतं. लिहा तुमचंही.

तात्या_पॅरामॅटा: १०-८-१०-१०-११? मटका लावायचा का यावर?

रिमझिम: कुकर लावलाय, पटकन लिहिते. २०११ ची लीगची फायनल. मरिनर्स ब्रिस्बेनविरुद्ध जादा वेळेत २-० पुढे, शेवटची तीन-चार मिनिटं. मी म्हटलं जिंकलेच, चहा टाकते. उकळी येईपर्यंत २-२, मग पेनल्टीवर हरले. सासूबाई अजून म्हणतात, तू उठलीसच कशाला.

पेठेतला: फुटबॉल कळत नाही. सासूबाईंचं बरोबर आहे.

रिमझिम: 😂 बरं, तिकडे कढीपत्त्याचं रोप कुठे मिळेल?

कलिंगवारी: मार्च २०२४, एएफसी कप (आशियातल्या क्लबांची स्पर्धा), भुवनेश्वरला ऑफिसची सगळी पोरं घेऊन गेलो. आमचं ओडिशा एफसी गॉसफर्डला मरिनर्सकडून ४-० खाऊन आलेलं, तरी म्हटलं आपल्याकडे गोल करणारा रॉय कृष्णा आहे. २०१९ ला याच मरिनर्सना ८-२ धुणाऱ्या वेलिंग्टनकडे होता ना तो! ०-०. घसा बसला तेवढा.

गॉसफर्डची_आई: ८-२ वहीत नाहीच! लबाड कार्टं.

तात्या_पॅरामॅटा: ताई, चांगल्याचं पान कुठाय? २०२३ ची लीगची फायनल आमच्या पॅरामॅटात, सिडनीत झाली. मरिनर्सनी मेलबर्न सिटीला ६-१ हरवलं, त्यांच्या एकट्या कमिंग्जचे ३. मी मेलबर्नच्याच दुसऱ्या संघाचा, व्हिक्टरीवाला, सिटी हरली म्हणून पेढे वाटले.

गॉसफर्डची_आई: पुढची पानं कोरी. तोवर तो शिकायला बाहेर गेला. २०२४ ला लीगच्या गुणतक्त्यात पहिले, एएफसी कप आणि लीगची फायनल, तिन्ही जिंकले, फायनल तर गॉसफर्डलाच, तुमच्या व्हिक्टरीला ३-१. रात्री फोन केला तर म्हणे, आई उद्या बोलू. आवाज पार फुटलेला.

तात्या_पॅरामॅटा: ते ३-१ काढायची गरज होती का?

रिमझिम: कढीपत्ता राहिलाच.