कासवाला कायदा आहे, त्याच्या काठाला नाही

काठावरची:
नागपूरचा फुटाळा तलाव मानवनिर्मित आहे, म्हणून 2017 च्या पाणथळ नियमांत बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये ठरवलं. निकाल नियमाला धरून आहे, माझं भांडण नियमाशी आहे. पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, करमणुकीसाठी बांधलेली तळी त्यातून वगळलेली आहेत. मग आपल्याकडे उरलं काय? अंबाझरी, गोरेवाडा, भंडारा-गोंदियाचे मामा (माजी मालगुजारी) तलाव, सगळे माणसानेच बांधलेले. आपल्या तळ्याबोड्यांतलं मऊ पाठीचं कासव वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहे, वाघाच्या रांगेत. पकडलं तर किमान 3 वर्षं कैद. पण ते अंडी घालतं काठच्या मातीत, आणि त्या मातीवर दगडी पिचिंग करून, म्हणजे दगडांचं अस्तर लावून, ती झाकणाऱ्याला कोणी हटकत नाही. म्हणून माझी मागणी: तळ्याच्या काठालाही कायद्याचं संरक्षण द्या, परवानगीशिवाय तिथं काम नको.

अंबाझरीखालचा:
23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी ओसंडली तेव्हा माझी आई पलंगावर उभी होती आणि पलंग पाण्यात होता. बांध पक्का करायच्या कामात आणखी एक परवानगी नको. आणि कायदा नाही, हे खरं नाही. कलम 2(16) वाचा: सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं, घरटं विस्कटणं हीसुद्धा ‘शिकार’च. आहे तो कायदा वापरा ना.

काठावरची:
आईंचं वाचून गलबलून आलं. बांधाला हात लावू नका, असं मी म्हणतच नाही. बांध एका अंगाला असतो, मी बाकीचा उतरता मातीचा काठ मागते आहे. कलम वाचलंय. अंडी पुरलेली असतात, ट्रक येण्याआधी ती तिथं होती हे सिद्ध कोण करणार? आणि अंडी नसताना काम उरकलं तर गुन्हाच नाही. पुढल्या वर्षी मादी जाईल कुठं?

ढिवराचा पोरगा:
बाबा मच्छीमार संस्थेत आहेत, तलाव लीजवर. संरक्षण आलं की पहिलं जाळं आमचंच उचलतात, काठावर प्लॉट पाडणाऱ्याले कोणी पुसत नाही. जाळ्यात कासव आलं तर बाबा सोडून देतात, तरी कोणी पाहिलं तर केस होईल म्हणून भितात. मासेमारीचा हक्क त्याच कागदावर लिहा, नाही तर माझा विरोध.

काठावरची:
लिहायलाच हवा. तुमचे बाबा रोज त्या काठावर असतात, राखणदारी त्यांच्याच संस्थेकडे असावी.

अंबाझरीखालचा:
सांडव्याच्या आणि बांधाच्या कामाला सूट आधी छापून दाखवा, मग बोलू. तोवर माझं मत नाहीच.