गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी का? नैराश्य, प्रार्थना आणि रोजचं जगणं: तुमचे अनुभव लिहा

सलाम सगळ्यांना.

गेल्या महिन्यात आमच्या चर्चच्या मंडळीत साक्षीच्या वेळी, म्हणजे देवाबद्दलचा आपला अनुभव सगळ्यांपुढे सांगतात तेव्हा, एक बाई उभ्या राहिल्या. "मला डिप्रेशन आहे, औषध चालू आहे, प्रार्थनेत आठवण ठेवा," म्हणाल्या आणि खाली बसल्या. पुढचं गीत सुरू व्हायला नेहमीपेक्षा जरा वेळच लागला. शुगर, गुडघे, मुलाचा व्हिसा यांसाठी आम्ही दर रविवारी प्रार्थना मागतो. हा शब्द मात्र मी त्या वेदीसमोर पहिल्यांदा ऐकला.

म्हणून हा धागा. नावं नकोत, पाळकांची (पास्टरांची) आणि दवाखान्यांचीही नकोत. "असं करा" लिहू नका, "मी असं केलं" लिहा. बायबलचं वचन टाकायचं असेल तर ते तुम्हाला कधी आणि कसं लागू पडलं तेही लिहा. नुसती वचनं आपल्याला रोज सकाळी मोबाइलवर येतातच, गुलाबाच्या फुलासकट.

सुरुवात मी करते.

नगर, शिक्षिका, वय 52

आई गेली त्यानंतरचं वर्ष. पहाटे तीनला जाग यायची ती आलीच. शाळेत शिकवायचे, क्वायरमध्ये गायचे, घरी आल्यावर पर्ससकट पलंगावर बसून राहायचे. अंधार पडला तरी दिवा लावायला उठवत नसे. केस आठ-आठ दिवस धुतले जात नसत. घरातले म्हणायचे, प्रार्थना वाढव. वाढवली. मग प्रार्थनेतही आपण कमी पडतो असं वाटून आणखी खचले.

एका रात्री बायबलमधल्या 'पहिले राजे' या पुस्तकाचा 19 वा अध्याय उघडला. कर्मेल डोंगरावर एवढा पराक्रम करून आलेला संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या एका धमकीनं पळतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. देवदूत येऊन काय म्हणतो? ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खातो आणि परत झोपतो. देवदूत परत उठवतो, परत खायला घालतो. "तुझा विश्वास कुठे गेला" असं एका शब्दानं विचारत नाही. रविवारच्या शाळेत ही गोष्ट मी स्वतः शिकवलीय, पण कायम कर्मेलावरच्या अग्नीपर्यंत. झुडूप गाळायचे.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठचा गजर लावला: दुधात कुस्करलेली अर्धी भाकरी. भूक असो नसो. पंधरा दिवसांनी डॉक्टरकडे गेले, तेव्हा सांगायला निदान एक गोष्ट होती की मी एवढं करतेय.

वसई, वय 34

आम्ही कॅथलिक. दर पंधरा दिवसांनी पापनिवेदनाला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला, जायचो आणि दर वेळी एकच पाप सांगायचो: आळस. सात प्रमुख पापांत तो आहेच. वाडीतलं काम पडून, फोन उचलायचा नाही, मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) उशिरा. चौथ्या की पाचव्या वेळी जाळीपलीकडून फादर म्हणाले, "आळशी माणसाला आळसाचं एवढं दुःख होत नाही रे. झोप लागते का तुला?" मी तिथेच रडलो. मागे रांग होती. फादर म्हणाले, पाप असेल त्याची क्षमा इथे मिळते, आजार असेल तर डॉक्टरकडे जायचं, दोन्हींची सरमिसळ करू नकोस.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं. थायरॉइड कमी निघालं, बी-12 ही कमी. थायरॉइड मंदावलं तरी माणूस असाच सुस्त आणि उदास होतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. पण माझं सगळंच तेवढ्यानं सुटलं नाही, नैराश्याची गोळीही लागली. ती पहिल्या आठवड्यात काहीच करत नाही, उलट मळमळतं. चौथ्या आठवड्यात एकदा वाडीत पाणी सोडता सोडता मी शीळ घालत होतो. बायको दारात येऊन बघायला लागली.

दारू सोडली. आमच्याकडे लग्नात ते किती अवघड ते वसईकरांनाच कळेल. पण दोन पेगांनी लागलेली झोप पहाटे मोडायची आणि दुसरा दिवस जास्त काळा जायचा, हे मी वहीत लिहून पडताळलं होतं.

पिंपरी, वय 29

माझा अनुभव उलटा आहे. चंगाई सभेत, म्हणजे आजार बरे व्हावेत म्हणून भरते त्या प्रार्थनासभेत, माझ्यावर हात ठेवून प्रार्थना झाली. त्या रात्री खरंच हलकं वाटलं, ते खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण मी स्टेजवर जाऊन साक्ष दिली की गोळ्या बंद केल्या. टाळ्या झाल्या. तीन दिवसांत चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखं, उगाच रडू. महिन्याभरात सगळं परत, पहिल्यापेक्षा खोल.

आजारापेक्षा त्या साक्षीची लाज जड झाली. दिलेली साक्ष परत कशी घ्यायची? चार महिने मी कोणालाच सांगितलं नाही. रविवारी लोक विचारायचे, "आता छान ना?" मी म्हणायचे, हालेलुया.

शेवटी मावशीला सांगितलं. स्वयंपाकघरात ती कोथिंबीर निवडत होती. तिनं हात पुसले, पर्स उघडली आणि अर्धी संपलेली गोळ्यांची पट्टी ओट्यावर ठेवली. "सहा वर्षं," म्हणाली. महिला मंडळाची सेक्रेटरी आहे ती.

डॉक्टर रागावले नाहीत. गोळी थांबवायची तर हळूहळू कमी करत, त्यांच्या देखरेखीखाली, एवढंच त्यांनी दोनदा सांगितलं.

*(धागा सुरू करणारी: मध्येच लिहिते. कोणाच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर इथे लिहून उत्तराची वाट बघू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. 2022 पासून सुरू आहे, पण आमच्या स्टाफरूममध्ये तो एकीलाही माहीत नव्हता.)*

कुवेत, नर्स, मूळची मिरजेची

दुसऱ्यांचे चार्ट भरताना लक्षणं तोंडपाठ, स्वतःची सात महिने कळली नाहीत. नाइट ड्युटीचं निमित्त होतंच. प्रार्थनेला शब्दच येईनात. आईला म्हटलं, तू "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणून व्हॉइस मेसेज पाठव. तिनं पाठवला, मागे कुकरच्या शिट्ट्यांसह. मी नुसती ऐकायचे, आमेन तेवढं म्हणायचे. औषध चालू आहे. खिडकीला जाड पडदे लावले आणि ड्युटीवरून आल्यावर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवते. बाकी काही विशेष नाही.

नागपूर, वय 41

मी चर्चला जाणंच सोडलं होतं, तेही लिहायला हवं. टाळ्या वाजवून गायची गीतं मला सोसवत नव्हती. एका वडीलधाऱ्यांनी "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा" ऐकवलं. वचन खरंच आहे, पण बुडणाऱ्याला पोहण्याचे फायदे सांगितल्यासारखं झालं.

मला धरून ठेवलं ते बायबलमधल्या 88 व्या स्तोत्रानं. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, हे वळतच नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार आहे. आणि तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय, कोणी काढून टाकलं नाही. म्हणजे असं बोलणं हीसुद्धा प्रार्थना धरली गेलीय. महिनाभर तेवढंच वाचलं.

समुपदेशक बाई ख्रिस्ती नाहीत. स्तोत्र त्यांनी वाचायला मागितलं, मग म्हणाल्या, आता रोज वीस मिनिटं चाला. मन लागेल तेव्हा नाही, ठरल्या वेळेला. मी खूप वाद घातला. चालतो आता. चर्चलाही जातो, शेवटच्या बाकावर बसतो आणि चहाच्या आधी निघतो.

कोल्हापूर, नवऱ्याच्या बाजूनं

दुसऱ्या बाळंतपणानंतर बायको बाळाकडे परक्यासारखी बघायची. आमच्या आईनं उपवास-प्रार्थना सुचवली. डॉक्टर म्हणाले, अंगावर पाजणाऱ्या बाईनं अजिबात उपवास करायचा नाही. मग उपवास आईनं स्वतः धरला आणि सुनेला तिन्ही वेळा जेवू घातलं. तो तोडगा मला आवडला.

सगळ्यात कठीण म्हणजे तिला सरळ विचारणं, की मरावंसं वाटतं का. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. तरी तीन दिवस माझी जीभ रेटेना. विचारलं तेव्हा ती म्हणाली, "हो. कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं." त्याच रात्री डॉक्टरांना फोन केला. घरातली सगळी औषधं माझ्या कपाटात गेली, आणि तिला एकटं ठेवलं नाही.

मंडळीतल्या बायकांनी सहा आठवडे डबा दिला. दारात डबा ठेवायचा, बेल वाजवायची आणि जायचं, हे पाळकीणबाईंनी सगळ्यांना बजावून सांगितलं होतं. नाहीतर आपल्याकडे डब्याबरोबर दोन तास चौकशी येते.

पिंपरी, वय 29

कोल्हापूरच्या दादा, डब्याचं कसं ठरवलं ते सविस्तर लिहाल का? मावशीला आमच्याकडे सुरू करायचंय.

कोल्हापूर

एक वही. वारांसमोर नावं, तिखट कमी असं वर लाल शाईत. रिकामे डबे मी रविवारी चर्चमध्ये पिशवीतून परत द्यायचो, झाकणाखाली नावाची पट्टी. शनिवारी कोणालाच जमत नव्हतं, तेव्हा मी अंडी उकडायचो. एकदा पाणी आटून करपली. बायको हसली त्या दिवशी.