'ने' म्हणजे हो की नाही?

प्रश्न: ग्रीक शिकतेय आणि एका अक्षराने पंचाईत केलीय. समोरचा "ने" म्हणतो तेव्हा तो होकार असतो, पण माझ्या कानांना नकारच ऐकू येतो. त्यात त्यांचं 'नाही' म्हणजे 'ओही', ते 'हो'च्या जवळचं! असं आणखी कुणाचं होतं का?

प्रतिसाद: कोरियनमध्येही 'ने' म्हणजे हो. चेक आणि सर्बियनमध्ये मात्र सरळ नाही.

प्रतिसाद: मला जपानी 'ने' फार आवडतो. वाक्याच्या शेवटी येतो, थेट आपल्या "छान आहे ना?"मधल्या 'ना'सारखा. पोर्तुगीजमध्येही हुबेहूब असाच 'ने' आहे, पण तो 'नाही का' अशा अर्थाच्या दोन शब्दांचा आखडून झालाय. दोघांचं नातं काहीच नाही, निव्वळ योगायोग.

प्रश्नकर्ती: आणि मराठीत 'ने' म्हणजे घेऊन जा!