'अंकल' म्हणजे मुळात मामाच

प्रश्न : आईच्या मावसभावाला इंग्रजीत काय म्हणायचं? 'फर्स्ट कझिन वन्स रिमूव्ड' असं कुठेसं वाचलं. नात्यातून काढून टाकलेला माणूस वाटतो!

– काढून टाकलेला नाही हो, एका पिढीने लांबचा. तो आईचा फर्स्ट कझिन, म्हणून तुमचा फर्स्ट कझिन वन्स रिमूव्ड. त्याची मुलं तुमची सेकंड कझिन. आणि तुम्हीही त्याचे फर्स्ट कझिन वन्स रिमूव्डच! थोरला कोण, धाकटा कोण, हे त्या शब्दावरून कळत नाही. ही शिडी वंशावळी मांडणाऱ्यांना लखलाभ. बोलताना सरळ 'माय मदर्स कझिन' म्हणा.

– एवढं करून मामेभाऊ की मावसभाऊ ते गुलदस्त्यातच. नात्यांच्या बाबतीत इंग्रजी दरिद्रीच.

– आज दिसते तशी, पण पूर्वी नव्हती. जुन्या इंग्रजीत मामा 'एआम', काका 'फॅदेरा', आत्या 'फाथु' आणि मावशी 'मोद्रिये'. चौघांना चार शब्द. १०६६ मध्ये नॉर्मन आले, त्यांच्या फ्रेंचमधून अंकल-आंट शिरले आणि जुने शब्द हळूहळू गेले. खरी मौज पुढेच आहे. 'अंकल'चं लॅटिन मूळ 'अवुंकुलुस', म्हणजे आईचा भाऊ. काकाला तिथे वेगळा शब्द होता, 'पात्रुउस'. 'आंट' आली 'अमिता'वरून, म्हणजे आत्या. आणि 'कझिन'च्या मुळाशी 'कोन्सोब्रीनुस', ज्याचा आधीचा अर्थ चक्क मावसभावंड! म्हणजे तुमच्या आईचा मावसभाऊ अगदी अस्सल कझिन.

– मग 'नेफ्यू'?

– लॅटिन 'नेपोस', म्हणजे आधी नातू, मग पुतण्या-भाचाही. संस्कृत 'नप्तृ' त्याच घराण्यातला, आणि आपला 'नातू' त्या 'नप्तृ'चा वारस.

– 'इन-लॉ'मधला कायदा कुठला?

– चर्चचा. लग्नाने जुळलेल्या कोणकोणत्या नात्यांत पुन्हा लग्न निषिद्ध, ते तो ठरवायचा. 'व्याही' मात्र त्यात कुठेच बसत नाही. 'को-ब्रदर' हा साडूसाठी भारतीय इंग्रजीने काढलेला शब्द. बाहेर कुणाला कळेल या भरवशावर राहू नका.

– आणि अनुवाद करताना 'ब्रदर-इन-लॉ' आला तर? दीर, मेहुणा की साडू?

– पुढची पानं वाचून काढायची. तोवर समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. माझ्या एका अनुवादात दीर म्हणून वावरलेला गृहस्थ नवव्या प्रकरणात नणंदेचा नवरा निघाला होता.